पुष्कळ म्हणजे किती

गाळा भाड्यानं घ्यायचा असला की माणसं आधी शटर वर करून आत डोकावतात. पावलांनी लांबी-रुंदी मोजतात, भिंतीवर थाप मारतात, विजेचं मीटर कुठं आहे ते विचारतात. नाकेदार यातलं काहीच करत नसत. ते गाळ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आपलं घडीचं लोखंडी स्टूल मांडून बसत आणि आठ दिवस आत पाऊल टाकत नसत. मालक किल्ली घेऊन हौसेनं पुढं आला तर त्याला हातानंच थांबवत. "आतून बघतो तो भाडेकरू. गिऱ्हाईक बाहेरून बघतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि पहिल्याच भेटीत ते त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. जकात नाक्यावर उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून नाकेदार. शहरात येणाऱ्या मालावर कर घ्यायचे ते दिवस. दौलताबादकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांची खोली, खोलीला खिडकी आणि बाहेर रस्त्यावर आडवा बांबू. ट्रक स्प्रिंगच्या पाट्यांवर किती बसलाय ते नुसत्या नजरेनं बघून ते सांगत, की कागदावर लिहिलंय त्याहून आत जास्त माल आहे. पुढं जकात गेली, नाका गेला, त्यांना ऑफिसात टेबल मिळालं. तिथं ते जेमतेम वर्षभर टिकले. का सोडलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की समोरून काही जातच नव्हतं.

मग त्यांनी हा उद्योग काढला. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, पैठण गेट, या जुन्या भागात कुणाला लहानसा गाळा घ्यायचा असला की तो आधी नाकेदारांकडे जाई. त्यांनी आठ दिवस बसायचं आणि नवव्या दिवशी हो किंवा नाही सांगायचं. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, गल्ल्यांची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली, आणि त्या गल्ल्यांमध्ये नाकेदारांचा शब्द चालत राहिला. पैसे ते घेत नसत. धंदा लागला की त्या दुकानातली पहिली वस्तू त्यांची. न्हाव्यानं पहिली दाढी त्यांची करायची, चहावाल्यानं पहिला चहा त्यांना द्यायचा. नाही म्हटलं तर काहीच घ्यायचं नाही, हेही ठरलेलं.

आठवा दिवस संपला की ते एकदाचे आत जात. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला जमिनीवर ठेवून उतार बघत. शटर खाली ओढून घेऊन पंधरा मिनिटं आत अंधारात बसत, वास कसला येतो ते बघायला. कबुतरं कुठं बसतात ते बघत आणि मुतारी किती लांब आहे ते स्वतः चालत जाऊन बघत. पण हे सगळं उपचारापुरतं. खरा निकाल वहीत आधीच लागलेला असे. वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, आणि पानापानावर रेघा. चार उभ्या, एक आडवी. गेले किती, थांबले किती.

त्यांची नजर खोटी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी हसेल. पैठण गेटजवळ एका जिन्याखाली हातभर रुंदीचा कोनाडा होता. तिथं कुणी काय करावं हे मालकालाही कळत नव्हतं. नाकेदार आठ दिवस बसले आणि म्हणाले, चावीवाला बसवा. त्या जागेसमोर लोक गाड्या लावत. गाडी लावून दहा पावलं गेलेला माणूस बरोबर त्या कोनाड्यापाशी खिसा चाचपतो, हे त्यांनी टिपलं होतं. चावीवाला बसला. तो अजून तिथंच आहे आणि त्यानं मुलींची लग्नं त्या कोनाड्यावर केली.

एक शब्द मात्र त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले आणि बोलण्याच्या ओघात म्हटलं, की त्या गल्लीत बायकांची ये-जा पुष्कळ असते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुष्कळ म्हणजे किती?"

मी म्हटलं, म्हणजे बऱ्याच.

"बऱ्याच म्हणजे किती?"

नाक्यावर ड्रायव्हर म्हणत, माल काही पुष्कळ नाही साहेब, आणि मग माल उतरवून मोजला की पुष्कळचा अर्थ कळे. तेव्हापासून हा शब्द त्यांच्या दृष्टीनं गुन्हा होता. गर्दी, रेटा, वर्दळ, हेही त्यातलेच. भाजीवालीनं पुष्कळ कोथिंबीर घातली म्हटलं तरी ते काड्या मोजतील, असं लोक चेष्टेनं म्हणत.

मी त्यांच्याकडे का गेले, ते सांगायला हवं. मी ब्लाउज शिवते. सोयगावहून लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले, नवऱ्याची कंपनीतली नोकरी शिफ्टची, आणि रिकामं बसायची मला सवय नाही. औरंगपुऱ्यात एका मॅचिंगच्या दुकानात जिन्याखाली माझं मशीन चौदा वर्षं होतं. बायका तिथून कापड घेत आणि तिथंच माझ्याकडे टाकत. एका सकाळी शेठजींनी सांगितलं की दिवाळीनंतर जिन्याखालची जागा त्यांच्या मुलाला मोबाईलच्या कव्हरांसाठी हवी आहे. वाईट बोलले नाहीत. पण मला त्या दिवशी कळलं की गिऱ्हाईक माझं असलं तरी पत्ता त्यांचा होता. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, आणि मग लग्नसराई. तोवर माझा पत्ता झाला नाही तर बायका दुसरीकडे जाणार, आणि एकदा दुसऱ्या हाताचं माप अंगाला बसलं की बाई परत येत नाही. घरी शिवायचं म्हटलं तर तेही होतंच. पण घरी शिवणारीला लोक "जमेल तेव्हा दे" म्हणतात आणि पैसेही जमतील तेव्हा देतात. मला ते नको होतं. मला पाटी हवी होती.

गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत आठ बाय अकराचा गाळा मिळत होता. गल्ली आठ फुटांची. वर मालकीण राहायची, सत्तरीची, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. बोलणं रोखठोक आणि भाडं मला झेपण्यासारखं. घ्यावा असं मनात पक्कं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या कागदावर माझ्या एकटीची सही होणार होती. म्हणून नाकेदार.

त्यांच्या घरात काळ्या मसाल्याचा वास भरलेला असे. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, घरूनच मसाला आणि उन्हाळ्यात शेवया-कुरडया करून ओळखीत देत. त्या दिवशी त्या आत दगडफूल भाजत होत्या. बाहेर येऊन त्यांनी मला पाणी दिलं आणि काय टाकायचंय विचारलं. ब्लाउजचं दुकान म्हटल्यावर एवढंच विचारलं, की गल्ली किती रुंद आहे. आठ फूट, मी म्हणाले. त्या तशाच परत आत गेल्या. मी निघाले तेव्हा हातात मसाल्याची पुडी ठेवली.

नाकेदारांनी मला आधीच सावध केलं होतं. या शहराच्या जुन्या भागात बायांच्या दुकानाला जागाच नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. बांगड्या, मेंदी, पार्लर, फॉल-पिको, जे जे त्यांनी बघितलं त्या सगळ्याला नाही म्हणायची वेळ आली होती. "बाया जातात, थांबत नायत. मी बसून बघितलंय," असं ते म्हणत. आणि आपण तोंड बघून निकाल देत नाही याचा पुरावा म्हणून ते बायकोची गोष्ट सांगत. मलाही सांगितली, काकू आत असताना, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

काकूंना कधीकाळी औरंगपुऱ्याच्या मागं मसाल्याचं दुकान टाकायचं होतं. गाळा त्यांनी स्वतः शोधला, मालकाशी स्वतः बोलल्या. नाकेदार तिथंही आठ दिवस बसले. वैशाखातले दिवस, डोक्यावर काळी छत्री. नवव्या दिवशी बायकोला वही दाखवली आणि नाही म्हणाले. "सोताच्या बायकोला नाय म्हनलो. मंग दुसऱ्याला कशाला खोटं सांगू?" त्यांना या गोष्टीचा खरोखर अभिमान होता. आतून भाजण्याचा आवाज जसा चालला होता तसाच चालू राहिला.

तर ते माझ्या गाळ्यासमोर बसले. सकाळी दहा ते दुपारी दोन आणि चार ते आठ. करड्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर वही. मी तेव्हा औरंगपुऱ्यात मशीनवर असे. संध्याकाळी घरी जाताना त्यांना चहा नेऊन देई. मी गल्लीत शिरले की ते माझ्या पिशवीकडे बघत आणि मी जवळ पोचायच्या आत सांगत, दोडके, अर्धा किलो. किंवा, आज कापड नाही, डबा रिकामा. ते बरोबरच असे. नाक्यावरची सवय. माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नसत, माल बघत. तरी खरं सांगायचं तर त्यांच्यासमोरून जाताना मी पिशवी या हातातून त्या हातात घेई आणि पदर सारखा करी. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी त्यांनी पेल्याची आणि शटरची परीक्षा घेतली. उतार नाही, ओल नाही, वास नाही. मग वही उघडली. आठ दिवसांत थांबलेल्या बाया तीन. त्यातल्या दोघी चप्पल तुटली म्हणून थांबलेल्या.

"नाय," ते म्हणाले. "माझं ऐका ताई, नका घेऊ."

मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते कळेना. वहीवर रागावता येत नाही. मी घरी गेले, भाकरी केल्या, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, एवढा मोठा माणूस म्हणतो तर नको. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालाला नकार कळवायला गेले.

खालानं कारण विचारलं. मी म्हटलं, तुमच्या गल्लीत बायका थांबत नाहीत. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. मला हाताला धरून तिनं वरच्या खिडकीशी नेलं. खिडकीला लाकडी जाळी होती. आतून सगळं दिसे आणि बाहेरून काही दिसत नसे.

"देख," ती म्हणाली.

खाली गल्ली होती, आणि गल्लीत बायका होत्या. भाजी घेऊन येणाऱ्या, मुलाला शाळेतून आणणाऱ्या, बुरख्यातल्या, नऊवारीतल्या, कॉलेजच्या. रंगाऱ्याच्या दारात दोघी ओढण्या वाळायची वाट बघत उभ्या होत्या. एक हातगाडीवर भाव करत होती आणि दुसरी तिला तो कसा जास्त आहे ते सांगत होती. बरोबर माझ्या गाळ्यासमोर, जिथं स्टूल असायचं तिथं, एक बाई पिशवी खाली ठेवून खांदे मोकळे करत होती. ती तिथं चांगली पाच मिनिटं उभी राहिली.

"आठ दिन वो बुड्ढे मियाँ गली में बैठ के घूरते रहे. औरतां कायकू ठैरते बेटी? सब उधर की गली से जा रे थे. मैं खुद आठ दिन सब्जीवाले कू आवाज नै दी."

आठ फुटांच्या गल्लीत एक पुरुष स्टूल टाकून, वही घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे टक लावून बसलाय. ती बाई तिथं थांबेल का? मीच थांबले नसते. मी तर त्यांना ओळखत होते आणि तरी पिशवी दुसऱ्या हातात घेत होते. ते बघत होते पिशवीकडे. पण पिशवी बाईच्या हातात असते, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आली नव्हती. पुरुषांच्या दुकानांना त्यांचं बसणं आड येत नव्हतं. खिसा चाचपणाऱ्या माणसाला कोण बघतंय याचं काय पडलंय? म्हणून चावीवाल्याचा निकाल बरोबर आला आणि आमचे सगळे चुकले. मला हे कळायला खालाची खिडकी लागली, म्हणजे मीही फार शहाणी नव्हेच.

मी त्याच दुपारी सही केली. नाकेदारांना काही सांगितलं नाही. भांडायला गेले असते तर त्यांनी वही काढली असती, आणि माझ्याकडे वही नव्हती.

दुकान लागलं. फार गाजावाजा केला नाही. एक पाटी, दोन मशीनं, आरसा आणि माप घ्यायला पडदा. औरंगपुऱ्यातल्या बायका आल्या, गल्लीतल्या आल्या. तुळशीच्या लग्नानंतर मला मदतीला एक बाई ठेवावी लागली. पौषात एका दुपारी नाकेदार दारात उभे राहिले. आत सात बायका होत्या. त्यांनी त्या मोजल्या, मला दिसलं. त्या गप्प झाल्या आणि एकीनं कापड पिशवीत सरकवलं. ते बाहेर जाऊन उभे राहिले. बायका गेल्यावर परत आले.

आपला आकडा चुकल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्यांना नुसतं कोडं पडलं होतं. ते म्हणाले, मी तीन लिहिल्या होत्या. कुठं चुकलो ते सांगा.

मला बरंच काही गोड करून सांगता आलं असतं. मी सरळ सांगितलं. "काका, तुम्ही बसला होता म्हनून बाया थांबत नव्हत्या."

त्यांना ते लगेच कळलं नाही. मग मी त्यांना वर खालाकडे नेलं. खालानं त्यांना जाळीशी बसवलं आणि चहा दिला. ते त्या दिवशी दोन तास बसले, दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. रेघा ओढत होते. तिसऱ्या दिवशी खाली आले तेव्हा वही मिटलेली होती आणि पेन्सिल तिच्यात नव्हती. माझ्या दुकानाच्या पायरीवर ते बसले, आणि पाठीमागून बाई येतेय असं वाटताच उठून बाजूला झाले. हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं.

"बारा," ते म्हणाले. "तुमच्यासकट बारा बायांना नाय म्हनलो."

मला त्यांची दया आली. आधी कधी आली नव्हती, कारण त्यांच्याकडे बघून दया यावी असं काही नसायचं.

पुढचे दोन-तीन महिने ते जुन्या वह्या घेऊन हिंडत होते, असं कानावर येई. ज्या ज्या बाईला नाही म्हटलं तिचं घर शोधून ते जात आणि दारातच उभं राहून सांगत, की माझी मोजणी चुकली होती. नंतर त्यांनीच मला त्याचा गोषवारा दिला, पायरीवर न बसता, उभ्यानं. काहींनी दुसरीकडे दुकान टाकलं होतं. दोघींनी तर त्याच गाळ्यात टाकलं होतं. एक पार्लरवाली म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात हेच मला आठवत नाही काका. एकीचं चाललं नव्हतं, पण तिनंही चहा पाजला. माझ्यासकट अकरा जणींनी त्यांचं ऐकलंच नव्हतं. हे सांगताना त्यांना वाईट वाटतंय की हायसं वाटतंय ते मला ओळखता येईना.

ऐकलं होतं ते फक्त एकीनं, आणि ती त्यांच्या घरात होती. तिच्याकडे ते सगळ्यात शेवटी गेले. म्हणजे स्वयंपाकघरात.

उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या समोरचा चपलांचा गाळा रिकामा झाला. नाकेदार काकूंना घेऊन आले. त्यांनी मला रीतसर विचारलं, की आठ दिवस ही तुमच्या दुकानात बसली तर चालेल का. ती आतून बघेल. मी गल्लीत येणार नाही. मी म्हटलं, बसू द्या की. ते काकूंना सोडून गेले आणि गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर जाऊन बसले, गल्लीकडे पाठ करून. तिथून त्यांना समोरची भिंत आणि एक विजेचा खांब एवढंच दिसत असणार.

काकूंच्या हातात वही होती. त्यांनी ती माझ्या कापडाच्या ढिगावर ठेवली आणि आठ दिवस उघडली नाही. येणाऱ्या बायकांशी त्या बोलत बसत. कुणाच्या घरी मसाला काळा करतात, कुणाच्या घरी लाल, खसखस घालतात का, कुटून आणतात की दळून. माझ्या गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा त्याच जास्त आवडायला लागल्या.

सहाव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काकू म्हणाल्या, माझंही एक माप घे, लई वर्षांत बाहेर शिवलं नाय. त्यांनी हात वर केले, मी दंडाभोवती टेप धरली. मला राहवलं नाही. मी विचारलं, की काकांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा काय वाटलं.

"काय वाटायचं," त्या म्हणाल्या. "ते वही घेऊन आले. जुनं पान काढलं. म्हनले, माझ्यामुळं बाया थांबल्या नव्हत्या. मी म्हनलं, असं व्हय? मला तं ठाऊकच नव्हतं."

टेप माझ्या हातात तशीच राहिली. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते ना तिथं. लांबून बघितलं. बाया यांना बघून पलीकडल्या गल्लीनं जायल्या होत्या." हात खाली घेत त्या म्हणाल्या, "मीबी पलीकडूनच गेले."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं.

"आठ दिवस उन्हात बसले होते. माझ्यासाठी. नाक्यावर सगळ्या गावासाठी बसले, माझ्यासाठी ते पयल्यांदाच कुठं बसले होते. कसं सांगू त्यांना, की तुमचं बसनंच आडवं आलं?" मग त्या एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गळा मागून उंच ठेव. आन् हे त्यांना सांगू नको."

मी सांगितलं नाही. आता लिहितेय, पण ते असलं काही वाचत नाहीत. एक मात्र मनात राहिलं. इतकी वर्षं ते आपल्या न्यायाची गोष्ट लोकांना ऐकवत होते आणि त्या आत दगडफूल भाजत ती ऐकत होत्या. मला ते जमलं नसतं. मी तव्यासकट बाहेर आले असते.

आठव्या दिवशी संध्याकाळी नाकेदार आले. बायका नाहीत याची खात्री करून मगच आत शिरले. ढिगावरची वही उचलली, पान उघडलं. एकही रेघ नव्हती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, ती आता दोऱ्यानं बांधलेली नव्हती, आणि काकूंकडे बघितलं.

"किती थांबल्या?"

काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "पुष्कळ."

मी मान खाली घालून मशीनवर बसले. आता तो प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं.

तो आला नाही. थोड्या वेळानं कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज झाला. रेघ ओढण्याचा आवाज मला ओळखू येतो. हा तसा नव्हता, जरा लांबला. ते पेला भरून घेऊन समोरच्या गाळ्याचा उतार बघायला गेले तेव्हा वही उघडीच राहिली होती. मी वाकून बघितलं. आकड्याच्या जागी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पुष्कळ.

काकूंच्या दुकानातली पहिली मसाल्याची पुडी त्यांनी घेतली. रीतच होती ती.